लौगाच्या दिवाणखान्यातलं वाळवण

तळ्याकाठच्या आमच्या सँडविक गावात थंडीत दोनच प्रकारचे चेहरे दिसायचे. एक उकडलेल्या बीटासारखे लाल, भेगाळलेले. आणि दुसरा लौगाचा. एकोणसाठ वर्षांची बाई, त्यातले पन्नास हिवाळे तळ्याच्या बर्फावर काढलेले, आणि गालावर एक भेग नाही म्हणजे काय! चर्चमध्ये बायका तिच्याकडे चोरून बघायच्या. कुणी विचारलंच, "काय लावतेस गं तोंडाला?" तर लौगा म्हणायची, "वारा." आणि खरंच, ती काही म्हणजे काही लावत नव्हती.

मग दोन हिवाळ्यांत त्या चेहऱ्याची पार रया गेली.

आता एखाद्या बाईचे गाल फुटले तर त्यात एवढं सांगण्यासारखं काय, असं कुणी म्हणेल. म्हणून लौगाचं काम काय होतं ते आधी सांगायला हवं. तळं गोठलं की आमची माणसं बर्फाखाली जाळी टाकतात. बर्फाला भोक पाडून एक लांब फळी पाण्यात सोडायची. ती वर तरंगून बर्फाला खालून चिकटते. दोरी ओढली की फळीचा लोखंडी हात बर्फाला खालून ठोसा देतो आणि फळी पुढे सरकते. ओढ, ठोसा. ओढ, ठोसा. शंभर यार्ड गेली की ती जिथे असेल तिथे दुसरं भोक पाडायचं, फळी वर घ्यायची, दोरी धरायची आणि दोरीमागून जाळं ओढून घ्यायचं. झालं काम! अडचण एकच. दोन फूट बर्फ आणि त्यावर थापून बसलेलं हिम, यातून खालची फळी दिसणार कशी? दिसत नाहीच. ती ऐकावी लागते.

आणि ऐकावं तर लौगानेच. ती नऊ वर्षांची असताना बापाने तिची टोपी काढून तिचा गाल बर्फावर टेकवला होता. "कुठं वाजतंय?" असं त्याने विचारलं. पोरीने उठून वीस पावलं चालून बोट दाखवलं, बापाने तिथे खणलं आणि फळी त्याच्या हातात आली. त्या दिवशी बाप घरी येऊन आईला म्हणाला, "ही पोरगी मी कुणाला देणार नाही, ही माझी आहे." पुढे बाप गेला. नवरा ऑस्कर गेला. जाळी, गाडी, परवाना सगळं धाकट्या भावाकडे, स्टेनीकडे गेलं. पण ऐकायला मात्र लौगाच. टोपी मागे, स्कार्फ खाली, उजवा गाल बर्फावर. तोंड बांधून घेऊन हे काम होत नाही, आणि या कामाशिवाय लौगाला दुसरं काही नको होतं.

गेल्या मार्चमध्ये तिने असाच गाल टेकवला आणि उचलताना नाण्याएवढी कातडी बर्फावरच राहिली. स्टेनीला कळू नये म्हणून तिने स्कार्फ वर ओढला आणि दिवसभर तोंडातून चकार शब्द काढला नाही. स्टेनीला वाटलं, ताईसाहेब रागावल्यात. तो खूश झाला, कारण त्या दिवशी त्याला कुणी शिव्या घातल्या नाहीत.

यंदा तर तळं धड गोठायच्या आतच गाल तडकायला लागले. नाकाच्या बाजूला पापुद्रे, हनुवटीवर भेगा. हसलं की ओठांच्या कडेला चिरा पडून रक्त यायचं, म्हणून तिने हसणंच बंद केलं. तशी ती फार हसरी होती असं नाही, पण वर्षातून चार-पाच वेळा हसायची तेही गेलं. शेवटी एका बुधवारी ती दवाखान्यात गेली. आमच्याकडे बुधवारी नर्स येते, डेल्फीन. बाई फार गोड बोलते आणि अजिबात ऐकून घेत नाही.

"लौगा, हे किती दिवसांपासून?"

"असेल आठवडाभर."

"खोटं बोलू नकोस. हा डाग जुना आहे."

"बरं, दोन वर्षं. काहीतरी लावायला दे आणि सोड मला."

डेल्फीनने दिवा जवळ आणून तिचा उजवा गाल निरखून पाहिला. मग दिवा विझवून खुर्ची पुढे ओढली. "हे बघ. ही कातडी उघडी आहे. उणे तीसमध्ये हा गाल बर्फाला लावलास तर गाल तळ्यावर राहील आणि तू एकटी घरी येशील."

"मग ऐकू कशानं? गुडघ्यानं?"

"नव्या वर्षातल्या पहिल्या बुधवारी ये. भेगा मिटलेल्या दिसल्या तर खुशाल जा. नसतील तर यंदा बर्फावर पाय ठेवायचा नाही. स्टेनीला मी स्वतः सांगणार आहे."

"त्याला कशाला मध्ये घेतेस?"

"कारण तू मला गुंडाळशील."

तिने लौगाच्या हातात एक पांढरा डबा ठेवला. आत लोण्यासारखं घट्ट मलम. कोमट पाण्याने तोंड धुवायचं, कढत नाही. साबण फासायचा नाही. पुसताना घासायचं नाही, नुसतं टिपायचं. आणि तोंड ओलसर आहे तोवरच मलम चोपडायचं, दिवसातून तीनदा. लौगा मान डोलवत होती, पण तिच्या डोक्यात एकच घोळत होतं. ख्रिसमस झाला की स्टेनी खोल पाण्यातली जाळी टाकायला निघणार. नव्या वर्षातला पहिला बुधवार म्हणजे नेमका तोच दिवस.

दुसऱ्याच सकाळी स्टेनी दारात हजर! बूट न काढता आत आला आणि नेहमीसारखा स्वयंपाकघरातल्या जमिनीत बसवलेल्या लोखंडी जाळीवर उभा राहिला. या जाळीतून गरम वारा वर येतो. बाहेरून गारठून आलं की आमच्याकडे सगळेच तिच्यावर जाऊन उभे राहतात, पँटचे पाय फुग्यासारखे फुगवून घेतात, वाकून तोंड शेकून घेतात. लौगाही रोज तेच करायची.

"डेल्फीनने सांगितलं मला," स्टेनी म्हणाला. "एक हिवाळा बस की घरी. मस्त उबेत राहा. एवढी भट्टी बसवून दिलीय ती कशाला?"

ती भट्टी हा स्टेनीचा अभिमानाचा विषय होता. ऑस्कर गेल्यावर बहिणीला लाकडं फोडावी लागू नयेत म्हणून त्याने स्वतः राबून तळघरात गॅसची भट्टी बसवली होती, घरभर पत्र्याचे नळ फिरवले होते, आणि जुनी लोखंडी चूल तिच्यावरच्या काळ्या किटलीसकट मागच्या खोपटात नेऊन टाकली होती. गावात कुणी भट्टीचं नाव काढलं की तो आपोआप दोन इंच उंच व्हायचा.

"आणि ऐकणार कोण?" लौगाने विचारलं.

"बाल्डर."

"बाल्डर? माझ्या सासरचा बाल्डर? अरे, त्याला जेवायला हाक मारली तर ऐकू येत नाही!"

"त्याने एक यंत्र आणलंय. कानाला लावायचं."

"यंत्र!" लौगा म्हणाली, आणि ओठ फुटून रक्त आलं. "जा रे तू. जाळीवरून उतर आणि चालता हो."

तो गेला. लौगाने दार लावलं आणि तिला रडू आलं. रडली तर खारट पाण्याने गाल असे झोंबले की रडणंही धड जमेना. पन्नास वर्षं! आणि तिच्या जागी कोण, तर बाल्डर, जो गेल्या साली स्वतःची गाडी बर्फात विसरून आला होता.

मग ती हट्टाला पेटली. डेल्फीनने सांगितलं ते सगळं तिने तंतोतंत केलं. कोमट पाणी, टिपणं, मलम, दिवसातून तीनदाच काय, पाचदा. दहा दिवस! आणि दहा दिवसांनी आरशात तेच तोंड. मलम लावलं की तासभर बरं वाटायचं, पुन्हा कातडी ताणल्यासारखी व्हायची, पुन्हा भेग. "मेल्या वाऱ्या, तुझं मी काय वाईट केलं होतं?" ती खिडकीतून तळ्याकडे बघून म्हणायची. सगळा गाव वाऱ्यालाच दोष देत होता. ती तरी दुसरं काय म्हणणार?

डोळे उघडले ते माशाने.

आमच्याकडे ख्रिसमसला वाळवलेला मासा लागतो. मासा चिरून मागच्या खोपटात टांगायचा, फटींतून वारा खेळत राहतो, आणि तीन-साडेतीन आठवड्यांनी तो लाकडासारखा होतो. मग लाकडी हातोडीने ठोकून ठोकून मऊ करायचा आणि लोणी फासून खायचा. यंदा लौगाच्या खोपटात मिंक, मुंगसासारखा एक मासेखाऊ प्राणी, शिरायला लागला होता. त्या चोराने पहिले दोन मासे फस्त केले, म्हणून उरलेले चार तिने रागारागाने स्वयंपाकघरात खिळ्याला लटकवले. खिळा होता जाळीच्या वर. चौथ्या दिवशी भांडी घासताना तिचं कोपर माशाला लागलं आणि टक् असा आवाज आला.

लौगाच्या कानाला आवाज कळतो. हा वाळलेल्या माशाचा आवाज होता. चौथ्या दिवशी? तिने मासा खाली काढला, ओट्यावर ठेवला आणि हातोडीचा एक हलका ठोका दिला. माशाचा भुगा झाला.

ती तशीच उभी राहिली. हातात हातोडी, ओट्यावर भुगा. मग तिने खाली जाळीकडे पाहिलं. मग स्वतःकडे पाहिलं, कारण ती त्या जाळीवरच उभी होती.

"हात्तिच्या!" ती मोठ्याने म्हणाली. "अगं, मलाही इथे वाळत घातलंय!"

एकदा किल्ली लागली की कुलूप कसं झटकन उघडतं! दोन वर्षांत घरातलं काय काय झालं ते तिला धडाधड दिसायला लागलं. आईच्या टेबलाच्या फळ्यांमध्ये बोट जाईल एवढी फट पडली होती. मांजरीला हात लावला की ठिणगी उडायची आणि मांजर तिच्याकडे विश्वासघात झाल्यासारखं बघायचं. आणि खिडक्या! लहानपणापासून थंडीत तिच्या घरातल्या काचांवर घरातली वाफ गोठून आतून बर्फाची फुलं उमटायची. भट्टी आल्यापासून काचा कोरड्याठाक, लख्ख. स्टेनी ते पाहुण्यांना कौतुकाने दाखवायचा. वारा बिचारा पन्नास वर्षं तिच्या तोंडावरून जात होता, त्याने कधी काही केलं नव्हतं. घरात चूल होती तेव्हा तिच्यावर ती काळी किटली चोवीस तास वाफ सोडत बसायची. कातडीला प्यायला मिळत होतं ते घरात, आणि त्या जोरावर ती बाहेर टिकत होती. भट्टीने चूल हलवली आणि किटलीही गेली. मलम तरी काय करणार? ते पाणी धरून ठेवतं. धरायला पाणी तर हवं!

भट्टी काढून टाक असं स्टेनीला सांगणं शक्य नव्हतं. ते तिच्या जिवावर आलं असतं. पोराने तळघरात पंधरा दिवस गुडघ्यांवर बसून ती बसवली होती, तीही बहिणीच्या मायेपोटी. मग तिने खोल्याखोल्यांत पाण्याच्या वाट्या ठेवल्या. त्या मांजरीने प्यायल्या. पातेली ठेवली, तरी काचा कोरड्याच.

तेव्हा तिला आईची धुण्याची दोरी आठवली. आई भर जानेवारीत कपडे बाहेर वाळत घालायची. ते तासाभरात गोठून पाटासारखे ताठ व्हायचे. मग ती विजारी दाराच्या चौकटीत माणसासारख्या उभ्या करून आत आणायची, चुलीभोवती टांगायची, आणि रात्रीपर्यंत त्या हळूहळू वाकत, ओघळत, वाळत राहायच्या. खोलीभर ओल्या सुताचा वास. काचांवर फुलं. लौगाकडे आता कपडे वाळवायचं यंत्र होतं, ते सगळी वाफ नळीतून घराबाहेर फेकायचं. म्हणजे दोन वर्षं ती ज्याच्यासाठी तहानली होती तेच घराबाहेर फुकट घालवत होती!

तिने जाळ्याची जाड दोरी आणली आणि दिवाणखान्यात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तिचे चार पदर ताणले. कोळ्याच्या गाठी, सुटायचं नाव नको. सगळ्या चादरी धुतल्या. सगळे टॉवेल. पुरेना, तेव्हा खोक्यातले ऑस्करचे लाल लोकरी अंतर्वस्त्रांचे जोड काढले, मानेपासून घोट्यापर्यंतचे, मागे बटणं लावलेला दरवाजा असलेले. भट्टीची कळ दोन अंशांनी खाली ओढली. जाळीवर फडकं टाकून त्यावर खुर्ची ठेवली, म्हणजे सवयीने कुणी उभं राहायला नको.

दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळं ओलं करून पुन्हा टांगलं. स्वच्छ कपडे! तिसऱ्या दिवशीही तेच. आणि नेमक्या चौथ्या दिवशी दुपारी चर्चच्या महिला मंडळाची कॉफी तिच्याकडे होती, हे ती साफ विसरली होती.

मंडळ दारात आलं, पुढे रगना होती. मंडळाची अध्यक्ष, इस्त्री केलेली बाई. आत पाऊल टाकलं आणि तिच्या नाकाला ऑस्करच्या लाल विजारीचा मागचा दरवाजा लागला.

"लौगा," ती म्हणाली, "हे काय आहे?"

"कपडे आहेत. बस."

"तुझं यंत्र बिघडलंय का?"

"नाही."

"मग दिवाणखान्यात? आज? आणि हे... हे पुरुषाचे?"

"ऑस्करचे. त्याची काही हरकत नाही."

मागच्या दोघी खोकल्यासारखं करून हसल्या. रगना मात्र सोफ्याच्या कडेवर बसली, दोन ओल्या चादरींच्या मधोमध, कपबशी छातीशी धरून. केक कापला गेला, मनुकांचे सात थर असलेला, पण बोलायला कुणाला विषय सुचेना. निघताना दारात रगना म्हणाली, "एकटं राहिलं की माणसाचं असं होतं, लौगा. तुला काही लागलं तर सांग हो." म्हणजे बाईला वेड लागलंय, हे गावात संध्याकाळच्या आत पोचलं.

स्टेनी धावत आला. दोरीखालून वाकत वाकत, टॉवेल बाजूला सारत सारत. "लौगा, घराचा धोबीघाट केलास? लोक मला विचारतायत, तुझ्या बहिणीकडे भट्टी आहे ना म्हणून?"

"आहे ना. फार चांगली आहे. तिच्यामुळेच कपडे वाळतात."

"हे तू मला चिडवायला करतेस."

"तुला चिडवायला मला एवढं धुणं लागत नाही," लौगा म्हणाली. "बुधवारी ये आणि बघ."

तो पाय आपटत गेला. लौगाने तोंड कोमट पाण्याने धुतलं, टिपलं आणि ओल्या गालांवर मलम चोपडलं. आणि काय सांगावं! तास गेला, दोन गेले, झोपायची वेळ झाली, गाल मऊच. बाविसाव्या तारखेला सकाळी ती स्वयंपाकघरात आली तर खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात, काचेवर आतून, एक बर्फाचं फूल. बोटाच्या पेराएवढं. लौगाने मांजर उचललं आणि स्वयंपाकघरात नाच केला. ठिणगी उडाली नाही.

ख्रिसमसला भेगा मिटायला लागल्या. वर्ष बदललं तेव्हा हनुवटी गुळगुळीत होती. उरला होता फक्त उजवा गाल, मार्चचा तो डाग.

बुधवारी सकाळी नऊला ती डेल्फीनसमोर बसली. तिकडे स्टेनी आणि बाल्डर उजाडतानाच तळ्यावर गेले होते, यंत्रासकट. डेल्फीनने दिवा जवळ आणला. डावा गाल पाहिला, हनुवटी पाहिली. उजव्या गालापाशी थांबली आणि बोटाने हलकेच ताणून पाहिला. लौगाने खुर्चीचे हात घट्ट धरले होते. तिला एकदम नऊ वर्षांची असल्यासारखं वाटलं, आणि भीती वाटली, अगदी खरी.

"काय केलंस गं हे?"

"कपडे धुतले."

"कपडे?"

"सांगते मग. आधी सांग, जाऊ की नको?"

"जा," डेल्फीन म्हणाली. "पण निघायच्या अर्धा तास आधी जाड थर लाव, आणि दोन स्कार्फ ने. श्वासाने पहिला ओला झाला की बदल. ओला स्कार्फ..."

दार वाजलं. लौगा केव्हाच गेली होती. पण ऐकलं होतं तिने. घरी जाऊन मलम थापलं, घड्याळाकडे बघत तीस मिनिटं कॉफी घेत बसली, दुसरा स्कार्फ छातीशी कोंबला, आणि मगच बर्फगाडी सुरू केली.

तळ्यावर दुरूनच तिला दिसलं की काहीतरी बिनसलंय. दोन माणसं, एक गाडी आणि नऊ भोकं. एक भोक फळी सोडायला लागतं. एक काढायला. बाकीची सात म्हणजे बाल्डरचं यंत्र.

"हरवली?" गाडी बंद करत तिने विचारलं.

स्टेनी फावड्यावर रेलून उभा होता. त्याच्या मिशांना बर्फ लटकला होता आणि गाल भाजल्यासारखे लाल झाले होते. "वाकडी गेलीय कुठेतरी. दोन तास झाले."

"यंत्रात घरघर येते नुसती," बाल्डर म्हणाला. बिचारा खरंच ओशाळला होता. "वाऱ्याची असेल."

"वाऱ्याला काही बोलू नकोस," लौगा म्हणाली. "त्याची माफी मागायचीय मला अजून."

"लौगा," स्टेनी म्हणाला, "डेल्फीन काय म्हणाली?"

लौगाने टोपी मागे टाकली. स्कार्फ खाली ओढला. स्टेनीने तिचं तोंड पाहिलं आणि त्याचं स्वतःचं तोंड उघडं राहिलं. ती गुडघ्यांवर बसली, हिम हाताने बाजूला केलं आणि उजवा गाल बर्फावर टेकवला.

"ओढ."

स्टेनीने दोरी ओढली. काही नाही. खोल खाली तळं कण्हल्यासारखं वाजत होतं, तसं ते नेहमीच वाजतं. "पुन्हा." काही नाही. ती उठली, उत्तरेकडे तीस पावलं गेली, पुन्हा आडवी झाली. "ओढ." आता काहीतरी होतं, पण बारीक, पाठमोरं. उठली, पूर्वेकडे वळली, चाळीस पावलं. तिसऱ्यांदा गाल टेकवला.

टक्.

"पुन्हा ओढ!"

टक्. टक्. नऊ वर्षांची असताना ऐकला होता तोच आवाज, अगदी कानाच्या खाली. लौगा उठली नाही. झोपूनच तिने हात वर केला आणि बोट खाली रोखलं. "इथं खण. आणि माझं डोकं फोडू नकोस."

बाल्डरने खणलं. पाणी वर आलं, आणि पाण्याबरोबर फळीचं पिवळं टोक! स्टेनी टोपी उडवून ओरडला, बाल्डरने यंत्र बर्फात फेकून दिलं, आणि लौगा दोन्ही हात कमरेवर ठेवून उभी राहिली. दिवस मावळेपर्यंत तिने आणखी पाच वेळा फळी ऐकली, पाचही वेळा पहिल्याच भोकात काढली, आणि पहिला स्कार्फ ओला झाल्यावर तो बदलला. खोल पाण्यातली सगळी जाळी त्या एका दिवसात पडली. स्टेनीने परत निघताना बर्फावर पाहिलं. तिथे तिच्या गालाचा एक तेलकट ठसा होता, कातडीचा कण नाही, रक्ताचा थेंब नाही. त्याने वाकून त्याला बोट लावून पाहिलं.

"ताईसाहेब," तो म्हणाला, "ते धुणं... खरंच?"

"घरी जाऊन काच बघ तुझी," लौगा म्हणाली. "कोरडी असेल."

फेब्रुवारीत रगनाच्या दिवाणखान्याचे पडदे दुपारीही ओढलेले दिसायला लागले. कुणी काही बोललं नाही, पण पडद्याच्या फटीतून तिच्या काचेवर बर्फाची फुलं दिसत होती, आणि एवढी फुलं दोन रुमालांनी येत नाहीत. चर्चमध्ये तिचे गाल कसे दिसत होते म्हणता? लोण्यासारखे! लौगाने तिला विचारलं, "काय लावतेस गं तोंडाला?" तर बाई लालबुंद झाली आणि प्रार्थनेचं पुस्तक उलटं धरून गायली.

त्याच रविवारी, चर्चनंतर, लौगाच्या दारावर थाप पडली. बाहेर स्टेनी उभा होता. गाल तडकलेले, नाकाचं टोक सोललेलं, हातात बादली. बादलीत पिळलेल्या लोकरी विजारी.

"तुझ्या दोरीवर जागा आहे का?" त्याने बुटांकडे बघत विचारलं.

"तुझ्या घरी भिंती नाहीत?"

"बायको लावू देत नाही. म्हणते, धोबीघाट करायचा असेल तर बहिणीकडे जा."

"अरे वेड्या, कपडे इथे टांगून तुझ्या तोंडाला काय होणार? तू इथे राहणार आहेस का?"

स्टेनीने थोडा विचार केला. "कॉफी देणार असशील तर बसतो."

लौगाने दार पूर्ण उघडलं. भाऊ आत आला, सवयीने जाळीकडे वळला, खुर्ची बघून थबकला, आणि गुपचूप चादरींखालून वाकत दिवाणखान्यात जाऊन आपल्याच ओल्या विजारींखाली बसला. एक थेंब त्याच्या टकलावर पडला. मग दुसरा. त्याने तो पुसला नाही. दोन्ही हातांनी तो गालांना चोळला आणि डोळे मिटून घेतले.

तेव्हा लौगा हसली. कॉफीची किटली हातात घेऊन, स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून, तोंड पार कानापर्यंत उघडून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली, आणि तिच्या ओठांना एक चीरसुद्धा पडली नाही.